इंजिनाचा ठोका आणि तो ऐकणारा कान

आपल्या व्यवसायातील एखादा विषय शाळेतील मुलांना समजेल अशा रीतीने लिहून द्यावा, असे स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आम्हांस कळविले. आम्ही तिघे माजी विद्यार्थी कल्याण आणि डोंबिवली यांच्या दरम्यान मोटारदुरुस्तीचे काम करतो. पैकी दोघे अंबरनाथच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकले, तिसरा गॅरेजमध्येच शिकला. ब्रेक, क्लच, गिअर यांवर लिहिणे सोपे होते. परंतु गेल्या काही वर्षांत आमच्याकडे येणाऱ्या निम्म्याहून अधिक तक्रारींच्या मुळाशी जी एक गोष्ट आम्हांला दिसते, तिच्याविषयी मराठीत वाचायला फारसे मिळत नाही. ती गोष्ट म्हणजे इंजिनाचा ठोका, ज्याला गॅरेजमध्ये सगळे ‘नॉकिंग’ म्हणतात, आणि तो आवरणारी गाडीतील यंत्रणा. हा लेख त्याच विषयावर आहे.

घोडबंदर रस्त्याने गायमुखचा चढ ज्यांनी भरलेल्या गाडीने चढला असेल, त्यांना हा आवाज सांगावा लागणार नाही. गाडी वरच्या गिअरमध्ये आहे, वेग पडला आहे, चालकाने गिअर न बदलता ॲक्सिलरेटर खाली दाबला आहे. अशा वेळी बॉनेटखालून बाटलीत खडे हलवल्यासारखा बारीक, धातूचा टकटक आवाज येतो. जुन्या गाड्यांत तो स्पष्ट ऐकू येई. आजच्या गाड्यांत तो बहुधा ऐकू येत नाही. तो का ऐकू येत नाही, हे समजले की या लेखाचे अर्धे काम झाले.

पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाते आणि प्लगच्या ठिणगीने पेटविले जाते. पुष्कळांचा समज असा की तेथे स्फोट होतो. निरोगी इंजिनात स्फोट होत नाही. शेताच्या एका कडेला गवत पेटवावे आणि आग ओळीने पुढे सरकत जावी, तशी ज्योत प्लगपासून सिलिंडरच्या भिंतीकडे सरकते. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर एका फेऱ्याला वीस मिलिसेकंद लागतात. म्हणजे क्रँकशाफ्टचा एक अंश फिरायला सेकंदाचा अठरा हजारावा भाग. सगळे मिश्रण जळायला दोन-तीन मिलिसेकंद, अर्थात चाळीस-पन्नास अंश तरी जातात. म्हणून ठिणगी दट्ट्या वरच्या टोकाला पोहोचण्याच्या आधीच टाकावी लागते. ती किती अंश आधी टाकायची, याला ‘ॲडव्हान्स’ म्हणतात. ती उशिरा टाकणे म्हणजे ‘रिटार्ड’ करणे. दट्ट्या वरून खाली निघाल्यानंतर साधारण बारा ते सोळा अंशांवर सिलिंडरमधील दाब सर्वोच्च झाला, तर इंजिन सर्वाधिक जोर देते. ट्यूनिंग या शब्दाभोवती कितीही धूर केला, तरी प्रज्वलनापुरता त्याचा अर्थ एवढाच आहे.

आता ठोका. ज्योत पुढे येत असताना तिच्या पुढचे, अजून न जळलेले मिश्रण दाबले जाते आणि तापते. ते ज्योत पोहोचण्याआधीच स्वतःहून, एकदम पेटले, तर सरकती आग राहत नाही. दाबाची लाट निर्माण होते. ती सिलिंडरच्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आदळत राहते. घंटेवर टोला मारल्यावर घंटा जशी आपल्या ठरावीक सुरात वाजते, तसे सिलिंडरही वाजते. सूर सिलिंडरच्या व्यासावर ठरतो. आपल्याकडे ज्या लहान गाड्या सर्वाधिक दिसतात, त्यांपैकी मारुतीच्या ९९८ आणि ११९७ सीसीच्या के-मालिकेतील इंजिनांच्या सिलिंडरचा व्यास ७३ मिलिमीटर आहे. तापलेल्या वायूतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ९५० मीटर धरला, तर हिशेबाने हा सूर साडेसात हजार हर्ट्झच्या जवळपास येतो. हा आकडा पुढे उपयोगी पडणार आहे.

ठोक्याने नुकसान होते ते आवाजामुळे नव्हे. जळत्या वायूचे तापमान दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर असते आणि दट्ट्या ज्या ॲल्युमिनियमचा असतो ते ६६० अंशांवर वितळते. तरीही दट्ट्या टिकतो. कारण धातूच्या पृष्ठभागाला चिकटून तुलनेने थंड वायूचा एक पातळ थर असतो आणि तो आड येतो. ठोक्याच्या लाटा हा थर खरवडून काढतात. मग उष्णता थेट धातूत शिरते, दट्ट्याच्या कडा झिजतात, रिंगांमधील पातळ भिंती तुटतात, आणि शेवटी छिद्रही पडते. सौम्य ठोका इंजिन वर्षभर सोसते. जोरदार ठोका अर्ध्या तासात ते संपवतो.

या शत्रूशी माणसाने दोन रीतींनी झुंज दिली आहे. पहिली रीत इंधन बदलण्याची. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत निरनिराळी इंधने ठोक्याला किती दाद देतात हे मोजले. पुढे ऑक्टेनची मोजपट्टी आली. हेप्टेन नावाचा द्रव, जो लगेच ठोकतो, तो शून्य. आयसो-ऑक्टेन, जो सहजी ठोकत नाही, तो शंभर. पेट्रोल या दोहोंच्या ज्या मिश्रणाइतके वागते, तो त्याचा ऑक्टेन क्रमांक. त्याच सुमारास, १९२१ च्या डिसेंबरात, अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना आढळले की शिशाचे एक संयुग पेट्रोलमध्ये चिमूटभर घातले तरी ठोका नाहीसा होतो. ठोका गेला, आणि शिसे जगभरच्या हवेत आले. १९२४ साली न्यू जर्सीतील शुद्धीकरण कारखान्यात हे संयुग बनविणारे पाच कामगार शिशाच्या विषाने मरण पावले, तरीही ते पेट्रोल पुढे अनेक दशके विकले गेले. आपल्या देशात शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र सक्तीचे झाले ते १ फेब्रुवारी २००० रोजी. त्याआधी ठाण्याच्या नाक्यानाक्यांवर उभे राहून जे धुरात वाढले, त्यांत आम्हीही आहोत.

दुसरी रीत ठिणगी मागे घेण्याची. ती फार जुनी आहे आणि आमच्या भागात तिचा एक स्वतंत्र इतिहास आहे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीची पद्मिनी कुर्ल्याला तयार होई. त्याच कंपनीचा दुसरा कारखाना कल्याण-शीळ रस्त्यावर डोंबिवलीलगत होता आणि नव्वदच्या दशकात तेथून काही वर्षे प्यूजो ३०९ बाहेर पडत होती. कारखाना बंद झाला, जागेचे नाव राहिले. या परिसरातील जुन्या मेकॅनिकांची एक पिढी पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनावर शिकली. तिची टायमिंग लावण्याची पद्धत अशी होती: डिस्ट्रिब्युटरचा नट सैल करायचा, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढावर घ्यायची, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि ऐकायचे. एखाद-दुसरी टकटक येऊन लगेच थांबली, तर टायमिंग बरोबर. सतत आली तर डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवून ठिणगी मागे घ्यायची. मुळीच आली नाही, तर थोडी पुढे. आमच्यापैकी एकाचे उस्ताद हे काम बॉनेटवर तळहात ठेवून करीत. त्या काळी इंजिनाचे संपीडन गुणोत्तर आठाच्या आसपास असे. आजच्या लहान गाड्यांत ते दहा ते बारा आहे, म्हणजे मिश्रण अधिक घट्ट दाबले जाते आणि ठोक्याची सीमा जवळ आली आहे. शिवाय ती सीमा दर क्षणी हलते. एकदा लावलेले टायमिंग तिला पुरत नाही.

म्हणून उस्तादांचा कान यंत्राला द्यावा लागला. स्वीडनच्या साब कंपनीने १९८२ च्या सुमारास टर्बो गाड्यांत ठोका ऐकून टर्बोचा दाब कमी करणारी यंत्रणा आणली. नंतर ठोका ऐकून ठिणगी मागे घेणारी यंत्रणा साध्या गाड्यांतही आली. तिचा मुख्य भाग, नॉक सेन्सर, दिसायला सुपारीएवढा असतो आणि तो इंजिनाच्या ब्लॉकवर एका बोल्टने बसवलेला असतो. त्याच्या आत असा पदार्थ असतो की त्यावर दाब पडला की विजेचा दाब निर्माण होतो. हा गुणधर्म क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखवून दिला होता. ब्लॉक थरथरला की सेन्सर तेवढा वीजसंकेत पाठवतो. गाडीतील संगणक, ज्याला सगळे ईसीयू म्हणतात, त्या संकेतातून नेमका तो साडेसात हजारांच्या आसपासचा सूर गाळून घेतो. तोही सतत नाही, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये ठोका होणे शक्य असते तेवढ्याच काही अंशांच्या खिडकीत. व्हॉल्व्ह बसण्याचा, इंजेक्टरचा आवाज त्यामुळे वगळला जातो. ऐकलेला आवाज नेहमीच्या सरासरीपेक्षा ठरावीक पटीने मोठा असेल, तर ईसीयू त्याला ठोका म्हणतो, त्या सिलिंडरची ठिणगी साधारण दोन-तीन अंश मागे घेतो, आणि मग ठोका पुन्हा येत नाही असे पाहत अंशाअंशाने पूर्ववत पुढे आणतो. वारंवार तसेच घडले तर तो हे लक्षात ठेवतो आणि त्या वेगाला, त्या भाराला आधीच मागे राहतो.

येथेच आजच्या चालकाची फसगत होते. पद्मिनीचा ठोका चालकाला ऐकू येई आणि तो गिअर बदले. आजची गाडी ठोका स्वतः ऐकते, स्वतः उत्तर देते, आणि चालकाला काहीच सांगत नाही. त्याला फक्त एवढे कळते की पिकअप गेला आहे आणि ॲव्हरेज पडला आहे. मागे घेतलेल्या ठिणगीचा जळता वायू उशिरा जळतो, सिलिंडरमध्ये काम न करता एक्झॉस्टमध्ये जातो आणि तेथे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर व टर्बो तापवतो. तेव्हा ईसीयूचे मागे घेणे हा तात्पुरता बचाव आहे, इलाज नव्हे. गाडी नेहमीच सहा-आठ अंश मागे चालत असेल, तर तिला काहीतरी झाले आहे, आणि ते शोधण्याचे काम माणसाचे आहे.

मॉडिफाइड गाडी म्हटले की मोठी चाके, रुंद एक्झॉस्ट आणि रात्री घोडबंदर रस्त्यावर होणारा आवाज आठवतो. त्या गाड्या थोड्या. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील खऱ्याखुऱ्या मॉडिफाइड गाड्या म्हणजे बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या साध्या हॅचबॅक होत. कोणी कुटुंबासाठी, कोणी भाड्याने चालविण्यासाठी घेतलेल्या. एमएच-०४ आणि एमएच-०५ पाट्यांच्या अशा गाड्या सीएनजी पंपावरच्या कोणत्याही रांगेत मोजता येतील. ठोक्याच्या दृष्टीने हा मोठाच बदल आहे. सीएनजीचा ऑक्टेन क्रमांक एकशे वीसच्या वर आहे, त्यामुळे तो जवळजवळ ठोकत नाही. पण तो पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, म्हणून त्याला ठिणगी अधिक आधी हवी असते. यासाठी किटबरोबर एक छोटी पेटी बसवतात, तिला टायमिंग ॲडव्हान्सर म्हणतात. ती क्रँक सेन्सरचा संकेत काही अंश पुढे सरकवून ईसीयूला फसवते. गॅसवर चालताना ती हवी. पेट्रोलवर गाडी आली की ती बाजूला व्हायला हवी. ती बाजूला झाली नाही तर काय होते, याचे एक उदाहरण सविस्तर सांगतो.

डोंबिवलीचा एक चालक तीन सिलिंडरची जुनी गाडी घेऊन आला. म्हणाला, ‘दादा, गॅसवर बरी आहे, पेट्रोलवर टाकली की मरते. आता तर गॅसवरही थरथरते आणि तेल पिते.’ आम्ही दाब मोजला. पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरमध्ये १७० पौंडांच्या आसपास, मधल्यात नव्वद. हेड उघडले तेव्हा मधल्या दट्ट्याच्या रिंगांमधील भिंत तुटलेली आणि कडेवर वाळूने खरवडल्यासारखे वण. ठोक्याची ही सहीच आहे. मग कारण शोधले. टायमिंग ॲडव्हान्सरची जी तार गॅस चालू असतानाच वीज मिळेल अशा ठिकाणी जोडायची, ती चावी फिरवल्यावर कायम वीज मिळेल अशा ठिकाणी जोडलेली होती. त्यामुळे पेट्रोलवरही ठिणगी गॅसइतकीच आधी पडत होती. नॉक सेन्सर आपले काम करीत होता, ईसीयू ठिणगी मागे घेत होता, म्हणून पेट्रोलवर गाडी मरत होती. चालकाने ती तक्रार दुसऱ्या एका गॅरेजला सांगितली होती. तेथे कोणीतरी नॉक सेन्सर ब्लॉकवरून काढला, जोडणी तशीच ठेवली आणि प्लास्टिकच्या पट्टीने तो वायरिंगला बांधून टाकला. या गाडीचा ईसीयू तार तुटली आहे की नाही एवढेच तपासतो. तार शाबूत होती, म्हणून दिवा लागला नाही. पिकअप परत आला. चालक खूश झाला. तीन महिने त्याने उपनगरांत भाडी मारली, कधी पेट्रोलवर, कधी गॅसवर, आणि चौथ्या महिन्यात आमच्याकडे आला. त्या दुरुस्तीला त्याच्या दीड महिन्याच्या कमाईइतका खर्च आला.

ज्यांनी तो सेन्सर काढला ते मूर्ख नव्हते. त्यांनी रोग शोधण्याऐवजी रोग सांगणाऱ्याचे तोंड बंद केले, एवढेच. महागड्या रिमॅपमध्येही हेच होते, फक्त तेथे पट्टीऐवजी संगणकातील एक आकडा असतो: कितीपट आवाज झाला तर ठोका समजावा, तो आकडा वाढवून ठेवतात. आम्ही असे रिमॅप पाहिले आहेत. ते डायनोवर उत्तम आकडे देतात.

मग योग्य रीत कोणती? प्रथम इंजिन निरोगी असल्याची खात्री. प्लग योग्य प्रकारचे आहेत का, कूलंट पूर्ण आहे का, दट्ट्यावर कार्बन साचला आहे का, इंजेक्टर सगळे सारखे सोडतात का. नंतर सेन्सर. त्याचा बोल्ट साधारण वीस न्यूटन-मीटर, म्हणजे दोन किलो-मीटरला, टॉर्क पान्यानेच आवळावा. त्याखाली वॉशर नको, रंग नको, गोंद नको. धातूला धातू भिडला पाहिजे. क्लचचे काम करून झाल्यावर हा बोल्ट अंदाजाने आवळल्यामुळे बहिरे झालेले किंवा विनाकारण ओरडणारे सेन्सर आम्ही कितीतरी वेळा सुधारले आहेत. त्यानंतर इंधन एकच ठरवावे. आता पंपांवर मिळणारे वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल ठोक्याला कमी दाद देते. इथेनॉलचा ऑक्टेन उंच आहे आणि ते बाष्प होताना मिश्रण थंड करते. इंडियन ऑइलने २०२० च्या डिसेंबरात शंभर ऑक्टेनचे पेट्रोलही बाजारात आणले. परंतु शंभर ऑक्टेनवर लावलेली गाडी महिनाअखेर साध्या पेट्रोलवर चालणार असेल, तर ती साध्या पेट्रोलवरच लावलेली बरी.

मग मोजणी. डायनोवर, रस्त्यावर नव्हे, गाडी पूर्ण भाराखाली चालवून वेग, भार, आत येणाऱ्या हवेचे तापमान, मिश्रणाचे प्रमाण, ठिणगीचा अंश आणि प्रत्येक सिलिंडरची माघार यांची नोंद ईसीयूकडून घ्यावी. ठिणगी एकेका अंशाने पुढे न्यावी. जोर वाढायचा थांबला की थांबावे. ठोका आला नाही म्हणून आणखी पुढे जाण्यात लाभ नाही. जोर वाढतो आहे पण माघार दिसू लागली, तर तेथून दोन अंश मागे यावे. आमच्यातील एकजण अजूनही ब्लॉकला तांब्याची चपटी नळी लावून तिला रबरी नळी आणि कानाला हेडफोन जोडून ऐकतो. संगणकाने ठोका म्हटलेला आवाज खरोखर ठोका आहे की सैल ब्रॅकेट, हे कान अधिक चांगले सांगतो. बनावट ठोक्याला घाबरून विनाकारण मागे राहणे हीही चूकच.

ऋतूचाही विचार करावा लागतो. दमट हवा ठोका कमी करते. जुलै-ऑगस्टात कल्याणात लावलेली गाडी एप्रिलमध्ये कसारा घाट चढून नाशिककडे निघाली, की कोरड्या उन्हात तिची सीमा खूपच जवळ आलेली असते. पावसाळ्यात लावलेल्या गाडीला आम्ही एक-दोन अंश अधिक राखून ठेवतो आणि मालकाला उन्हाळ्यात एकदा परत यायला सांगतो. निम्मे येतात.

कायद्याचेही थोडे सांगणे आवश्यक आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाने उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांत मनमानी बदल करता येत नाही. सीएनजी किट मान्यताप्राप्त असावे लागते, त्याची नोंद ठाणे अथवा कल्याणच्या परिवहन कार्यालयात नोंदणीपत्रावर करावी लागते, आणि टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. किट स्वस्तात, नोंदीविना बसवून देणाऱ्याकडे तारा कोठे जोडाव्या याचा नकाशाही बहुधा नसतो.

डोंबिवलीच्या त्या गाडीला नवे दट्ट्ये आणि रिंगा घातल्या. ॲडव्हान्सरची तार गॅसच्या सोलेनॉइडवरून घेतली, सेन्सर ब्लॉकवर बसवला आणि दोन किलो-मीटरला आवळला. मग चालकाला शेजारी बसवून, नोंद घेत, गायमुखपर्यंत जाऊन आलो. पेट्रोलवर, पाचव्या गिअरमध्ये, चढावर मधल्या सिलिंडरची माघार चार अंश दिसली. चौथ्या गिअरमध्ये शून्य. त्याला पडद्यावरचे दोन्ही आकडे दाखवले. परतीच्या वाटेवर त्याने एकदाही पाचवा टाकला नाही. सपाट रस्ता आल्यावर आम्हांलाच ‘आता टाक’ म्हणावे लागले.